एक्स-रे वाचणारं एआय धडगाव-अक्कलकुव्यात वापरायचं तर आधी काय तपासावं?

तापीकाठ

टीबीच्या शिबिरात हातात धरायचं एक्स-रे मशीन आता नवलाचं राहिलेलं नाही. ७ डिसेंबर २०२४ ला निवडक जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून त्यांचा वापर वाढतच गेला. फोटो निघाला की मिनिटभरात सॉफ्टवेअर ० ते १०० मधला एक आकडा देतं. ठरवलेल्या आकड्याच्या (कटऑफच्या) वर जो गेला त्याचा बेडका ट्रूनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्राला, बाकीचे घरी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षं व त्यापुढच्या वयासाठी असं सॉफ्टवेअर डॉक्टरच्या वाचनाऐवजी वापरायला हरकत नाही असं सांगितलं, त्यामुळे वापरावं की नाही हा वाद इथे नको.

माझा प्रश्न पुढचा आहे. कंपनीच्या पत्रकातली अचूकता कुठल्या तरी दुसऱ्याच लोकांवर मोजलेली असते. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात किंवा चोपडा-यावलच्या तडवी वस्त्यांत तीच अचूकता मिळेल हे कशावरून? वापरण्याआधी काय मोजायचं, किती माणसांवर, आणि वापरताना कशावर लक्ष ठेवायचं? जाणकारांनी नेमकं लिहावं. टीबीपलीकडचं, म्हणजे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), मधुमेह, बोलून नोंद घेणारी अॅप्स, हेही चालेल.

गिरणा_गणित

ताई, सुरुवात कटऑफपासून करा. हा आकडा म्हणजे टीबी असण्याची टक्केवारी नव्हे. ६० आला म्हणजे ६० टक्के शक्यता असं वाचणारे पुष्कळ आहेत आणि ते चूक आहे. दोन कंपन्यांचा ६० सारखा नसतो. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीचाही नसतो.

आता हिशेब. समजण्यासाठी गोल आकडे घेतो. अशा छाननी चाचणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की १०० रुग्णांतले ९० पकडावेत आणि १०० निरोग्यांतल्या ७० जणांना सोडून द्यावं. वस्तीत १००० जण तपासले, त्यात १० खरे रुग्ण धरले, तर ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी २९७ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे ३०६ जणांना बेडका द्यायला लावायचा आणि त्यातले ९ खरे, जेमतेम ३ टक्के. तेच सॉफ्टवेअर जिल्हा रुग्णालयात आलेल्या खोकलेकऱ्यांवर लावलं आणि तिथे १००० मध्ये १५० खरे रुग्ण असले, तर ३९० जणांवर शिक्का बसून त्यातले १३५ खरे निघतात, जवळपास ३५ टक्के. सॉफ्टवेअर तेच, माणसं बदलली. रुग्णालयातला अनुभव पाड्यावर नेला की सगळ्यांचा विश्वास उडतो तो इथे.

मग कटऑफ कुठे ठेवायचा? दिवसाला १५० फोटो निघत असतील तर वरच्या हिशेबाने ४६ नमुने. एका चाचणीला तास धरला तर दोन खणांचं ट्रूनॅट आठ तासांत १६ नमुने उरकतं. एका दिवसाच्या शिबिराचं काम तीन दिवस पुरतं, नमुने पडून राहतात, आणि निकाल येईपर्यंत माणूस ऊसतोडीला गेलेला असतो. कटऑफ चढवून १०० रुग्णांतले ८० आणि १०० निरोग्यांतले ९० अशा जागी आणला, तर १००० मागे १०७ नमुने, म्हणजे १५० मागे १६. मशीनला झेपतं. किंमत इतकीच की १० पैकी आणखी एक रुग्ण हातचा जातो. हा निर्णय कंपनीचा इंजिनिअर घेत असेल तर ते साफ चूक. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याने तो कारणासकट कागदावर लिहून सही करावी. माझं मत विचाराल तर कटऑफ चढवण्याआधी दुसरं मशीन मागावं.

क्षकिरण

कटऑफच्या आधी फोटो बघा हो. खराब फोटोवरही सॉफ्टवेअर बिनधास्त आकडा देतं.

पूर्ण श्वास घेतलेला हवा. मागच्या बाजूच्या निदान ९ फासळ्या डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर मोजता आल्या पाहिजेत. गळ्याखालच्या दोन्ही आडव्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत, नाहीतर माणूस वळलेला आहे. खांद्याची पाती फुफ्फुसाबाहेर. किरण सोडणारी ट्यूब आणि फोटो टिपणारं पॅनल यांमधलं अंतर रोज तेच, त्यासाठी जमिनीवर पट्टी चिकटवा. मशीन हातात धरता येतं म्हणून हातात धरूनच काढू नये. स्टँडवर लावलं की फोटो हलत नाही आणि काढणाराही दूर उभा राहतो.

सातपुड्यात आणखी एक काळजी. चांदीची साखळी, मण्यांच्या माळा, ताईत, आणि खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. वेणीची सावली नेमकी फुफ्फुसाच्या शेंड्यावर पडते, आणि मोठ्यांचा टीबी बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. केस वर बांधायला लावा. दागिने उतरवायला सांगायला बाईच हवी, आणि उतरवलेला ऐवज ठेवायला त्या माणसाच्या डोळ्यासमोर डबा हवा. एवढ्या साध्या गोष्टीवरून बाया रांगेतून निघून जातात.

जुना टीबी हा दुसरा खड्डा. बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण वर्षानुवर्षं राहतात आणि सॉफ्टवेअर त्यांना मोठा आकडा देतं. दगडखाणीत काम केलेल्यांचंही तसंच. "आधी टीबीची गोळी घेतली होती का" हा प्रश्न फोटोच्या आधी विचारून नोंदवा. अशांना सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून घरी पाठवू नका आणि रुग्णही ठरवू नका, थेट बेडका तपासा.

फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून तो चढवणं बंदच करा. फ्लॅशची चमक, कापलेल्या कडा, तिरका कोन, सगळ्याचा आकड्यावर परिणाम होतो. मशीनमधून निघालेली मूळ डायकॉम फाइलच द्यावी. काही मशीनं काळं-पांढरं उलटं साठवतात आणि फाइलमध्ये तशी खूण असते. मधल्या कुणी ती फाइल साध्या चित्रात बदलली की खूण हरवते आणि फुफ्फुस पांढरं दिसतं.

उन्हाचंही बघा. पुष्कळ पॅनलच्या माहितीपत्रकात चालण्याची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ गाठतो. पॅनल तापलं की फोटोत दाणे वाढतात. एप्रिल-मे मध्ये शिबिर सकाळी ७ ते ११, पॅनल सावलीत, गाडीच्या बॉनेटवर कधीच नाही. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, शिशाचा एप्रन, आणि बाईला फोटोआधी गरोदरपणाचा प्रश्न, हे सांगायला नकोच.

तापीकाठ

क्षकिरणदादा, फार कामाचं. गिरणाभाऊ, स्थानिक पडताळणी किती जणांवर करायची ते राहिलं.

गिरणा_गणित

मोजायचं असतं रुग्णांच्या संख्येवर, तपासलेल्यांच्या नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या रुग्णांतले किती पकडले ते प्रमाण, ९० टक्क्यांच्या आसपास आहे असं धरून ती १० टक्के इकडेतिकडे इतपत सांगायची, तर निदान ३५ खरे रुग्ण लागतात. ५ टक्के इकडेतिकडे हवं असेल तर १३९. वस्तीत १०० मागे १ रुग्ण असेल तर ३५ रुग्णांसाठी ३,५०० फोटो. एका तालुक्याला जड जाईल, नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांनी मिळून करावं. ओपीडीत ३५ रुग्ण लवकर जमतात, पण ते दुखणं वाढल्यावर आलेले असतात आणि त्यांचा फोटो कुणालाही ओळखता येतो. त्यावरून पाड्यावरच्या लवकरच्या टीबीचा अंदाज बांधू नये.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. आकडा वर गेला त्यांचाच बेडका तपासला, आणि मग अहवालात लिहिलं की सॉफ्टवेअरने एकही रुग्ण सोडला नाही. सोडलेल्यांना कुणी तपासलंच नाही तर सुटलेला दिसणार कसा? खालच्यांतला ठरावीक हिस्साही तपासायलाच हवा. धरा, १००० पैकी २०० वर गेले आणि त्यात १६ पॉझिटिव्ह. खालच्या ८०० मधून चिठ्ठ्या टाकून दहात एक, म्हणजे ८० तपासले आणि १ पॉझिटिव्ह आला. तो एक दहा जणांच्या वाटचा, म्हणून सुटलेले अंदाजे १०. खरी सेन्सिटिव्हिटी २६ पैकी १६, म्हणजे ६२ टक्के. अहवालात मात्र १०० टक्के गेली असती. एका पॉझिटिव्हवर एवढं मोठं उत्तर अवलंबून ठेवणं धोक्याचं, म्हणून कटऑफच्या लगेच खालच्यांतून जास्त नमुने घ्या, अगदी कमी आकड्याच्यांतून कमी, आणि हिशेब करताना ज्याचं त्याचं वजन लावा. ज्यांना बेडका येतच नाही त्यांची संख्या वेगळी लिहा, निगेटिव्हमध्ये मिसळू नका.

निकाल एकत्र एकच देऊ नका. बाया-पुरुष, ६० च्या पुढचे, आधी टीबी झालेले, आणि प्रत्येक मशीन, असं तोडून दाखवा. एकत्रित आकडा चांगला आणि म्हाताऱ्यांचा वाईट, असं सहज होतं.

पांझरा

सगळं पटतं, पण थोडं उलट बाजूने. धडगावच्या पाड्यावर रेडिओलॉजिस्ट आहेच कुठे? ६२ टक्के पकडणारं सॉफ्टवेअर काहीच न पकडण्यापेक्षा बरं. एवढ्या अटी घातल्या तर मशीन पेटीतच राहील.

गिरणा_गणित

पांझराभाऊ, मशीन पेटीत राहू नये हे मलाही तितकंच वाटतं. पण जिथे डॉक्टर आहे तिथे सॉफ्टवेअरची चूक पकडायला कुणीतरी असतं. पाड्यावर कुणीच नाही, म्हणून तिथली पडताळणी जास्त कडक हवी. "फोटो चांगला आला, काही नाही" असं ऐकलेला माणूस खोकला महिनाभर चालला तरी पुन्हा येत नाही. काहीच न पकडण्यापेक्षा हे वाईट होऊ शकतं. तेव्हा ६२ टक्केवालं वापरा खुशाल, पण दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन घटणं किंवा रात्रीचा घाम असेल तर आकडा कितीही कमी असो, बेडका तपासायचा, हा नियम सोबत हवाच.

मोठ्या रुग्णालयांतही हे घडलंय. सेप्सिसचा (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याचा) इशारा देणारं, अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवलेलं एक सॉफ्टवेअर मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासलं, तर सेप्सिसच्या १०० रुग्णांतले ६७ त्याला सापडलेच नव्हते. ते २०२१ मध्ये छापून आलं. रुग्णांवर वापर आधीच सुरू होता.

नवापूरकर

नोंदींबद्दल लिहितो, कारण आपल्याकडच्या डेटावर कुणी स्वतःचं मॉडेल (नोंदींवरून शिकून अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर) शिकवायला बसलं की पहिला अडथळा तिथेच येतो.

वय. जन्मतारखांचा तक्ता काढा, १ जूनला डोंगर दिसेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख आधारवर गेली आणि तिथून सगळीकडे. मोठ्यांची वयं ३०, ३५, ४० वर साचलेली. असं वय मॉडेलला द्यायचं तर वर्षात नको, दहा-दहाच्या गटात द्या.

नावं. पाडवी, वळवी, वसावे, गावित. एका गावात एकाच नावाचे चौघे असतात, आणि एकाच माणसाचं नाव इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी टंकलेलं असतं. मोबाइल नंबर बहुतेकदा घरातल्या एकाचाच, कधी आशाताईंचाच. नाव आणि नंबर जुळवून नोंदी जोडल्या तर दोन माणसं एक होतात आणि एक माणूस दोन. यातला दुसरा प्रकार मॉडेलसाठी घातक. एकाच माणसाचा एक फोटो शिकवणीत, दुसरा परीक्षेत. पेपर आधीच फुटलेला, गुण भरघोस. विभागणी ओळींची न करता माणसांची करा. त्याहून चांगलं म्हणजे एक अख्खा तालुका परीक्षेसाठी बाजूला ठेवा.

मशीनची ओळखही फुटते. २०१८ मध्ये अमेरिकेत न्यूमोनियाचं एक मॉडेल तपासलं तेव्हा ते फोटोवरून रुग्णालय ओळखायला शिकलेलं निघालं, कारण एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्णच जास्त होते. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या मशीनवर रुग्ण जास्त, शिबिराच्या मशीनवर निरोगी जास्त. कोपऱ्यातलं मशीनचं नाव आणि डाव्या-उजव्याची खूण झाकून पुन्हा चालवून बघा. गुण पडले तर मॉडेल फुफ्फुस बघत नव्हतं.

रक्तदाब. वरच्या आकड्याचा शेवटचा अंक मोजा. डिजिटल मशीनवर शून्य साधारण दहात एकदा यावं. दहात सात वेळा आलं आणि १२०/८० च्या रांगा दिसल्या, तर तो रकाना मोजून भरलेला नाही. तो सुधारत बसू नका, वापरूच नका. आशाताईंना आणि सिस्टरना त्यावरून बोल लावू नका. एका दुपारी दोन अॅपांत आणि तीन वह्यांत तीच माहिती भरायची असेल तर असंच होणार.

आणि स्थलांतर. दिवाळीनंतर नंदुरबारची गावंच्या गावं गुजरातेत ऊसतोडीला जातात. सहा महिन्यांच्या फॉलोअपचा रकाना रिकामा, आणि मॉडेलने त्याचा अर्थ "बरा झाला" किंवा "औषध सोडलं" असा लावला, तर दोन्ही खोटं. रिकामा आणि शून्य हे वेगळे ठेवा. "गावात नाही" ही तिसरी खूण द्या.

सातपुडा_लॅब

मधुमेहाचा धोका सांगणाऱ्या अॅपबद्दल फार कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. यातली बरीच मॉडेलं एचबीए१सी ही रक्तचाचणी ६.५ किंवा त्यावर म्हणजे मधुमेह, असं धरून शिकवलेली असतात. ही चाचणी तांबड्या पेशीला चिकटलेली साखर मोजते आणि पेशी साधारण १२० दिवस जगते असं गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १०-२० दिवसांतच फुटते, आणि ज्या हिमोग्लोबिनवर ही चाचणी बेतलेली आहे ते त्याच्याकडे नसतंच. आकडा कमी येतो, माणूस "नॉर्मल" ठरतो. वाहकामध्ये (ज्याच्याकडे सिकलचं एकच जनुक असतं, पण आजार नसतो) ते यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून असतं. उलट लोहाच्या कमतरतेत तो वाढूनही येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात दोन्ही आजार एकाच घरात सापडतात. तेव्हा इथे मधुमेहाचं खरं उत्तर म्हणून उपाशीपोटीची साखर, १२६ किंवा त्यावर, तीही दोनदा, किंवा ग्लुकोज देऊन दोन तासांनी २०० किंवा त्यावर, हेच धरावं.

सिकलच्या नोंदींतही असाच गोंधळ. राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झाली, बाधित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात आहे आणि आकडे भराभर जमताहेत. पण सोल्युबिलिटी चाचणी फक्त "एस (सिकलचं हिमोग्लोबिन) आहे" एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांवरच कळतं. "सिकल पॉझिटिव्ह" असा एकच रकाना दिसला की दोघं त्यात मिसळलेले आहेत असं समजा. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि खूप रक्त कमी असलेल्यात सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्हही येते. एचपीएलसीच्या नोंदीला "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का" हा रकाना जोडलाच पाहिजे, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन रुग्णाच्या नावावर चढतं.

पांझरा

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही त्वचेच्या रंगावरून काही असतं ना?

सातपुडा_लॅब

हो. २०२० मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या तुलनेत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होतं. ऑक्सिमीटरवर बेतलेला इशारा सावळ्या माणसाला उशिरा वाजतो. ९३-९४ दिसलं आणि श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर श्वासावर विश्वास ठेवा, आकड्यावर नाही.

नवापूरकर

याच ओघात, खर्चावरून आजार मोजू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत एका मॉडेलबद्दल हेच सिद्ध झालं. ज्याच्यावर खर्च कमी झाला तो कमी आजारी, असं ते धरत होतं, आणि ज्यांना उपचारच मिळत नव्हते ते मागे पडले. आपल्याकडे महात्मा फुले योजनेच्या दाव्यांवरून कुठल्या तालुक्यात हृदयरोग जास्त ते काढायला गेलात तर जळगाव-धुळे शहरं वर येतील आणि अक्राणी (म्हणजे धडगाव तालुका) तळाला. अक्राणीतला माणूस त्या खाटेपर्यंत पोचलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अहिराणी_बोल

बोलून नोंद घेणाऱ्या अॅपांबद्दल थोडक्यात. प्रमाण मराठीवर शिकवलेलं सॉफ्टवेअर अहिराणीतल्या "मना पोटमा दुखस" (माझ्या पोटात दुखतं) इथेच अडखळतं, भिली-पावरीचं तर विचारूच नका. आणि अडखळलं तरी ते गप्प बसत नाही, जवळचं काहीतरी गुळगुळीत वाक्य लिहून मोकळं होतं. तपासताना सगळी वाक्यं सारखी मोजू नका. नकार, आकडे, औषधाचं नाव, आणि डावं-उजवं, एवढ्या चारच गोष्टी वेगळ्या मोजा. "ताप नाही" चं "ताप आहे" झालेलं एक वाक्य इतर पन्नास चुकांपेक्षा जड. तालुकावार निदान पाच-सहा वेगळ्या वयांचे आवाज घ्या, शहाद्याची बोली आणि चाळीसगावची एक नाही. लिहिलेलं रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय नोंद जतन होणार नाही, अशी सोय अॅपमध्येच करून घ्या.

कलम_आणि_काळजी

कागदपत्रांचं लिहिते. रोगनिदानाचं सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरण आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्याला लागू होतात, म्हणून कंपनीकडून परवान्याची प्रत, कुठल्या वर्गात नोंद आहे, कुठल्या वापरासाठी आणि कुठल्या वयासाठी, हे मागा. "मोठ्यांच्या छातीचा एक्स-रे" असं असेल तर ते आश्रमशाळेच्या पोरांवर चालवू नये. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या, संशोधन म्हणून करत असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही २०२३ चाच, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात १८ खालच्या मुलांसाठी सर्वसाधारणपणे पालकाची पडताळता येणारी संमती लागते. आश्रमशाळेत पालक दूर असतात, हे वेळापत्रकात आधीच धरा.

संमती म्हणजे अंगठा नव्हे. फोटो कशासाठी, तो कंपनीकडे जाणार का, नाही म्हटलं तरी तपासणी होणार का, हे तीन प्रश्न त्या माणसाच्या बोलीत विचारून त्याच्याच तोंडून उत्तर घ्या. उपचारासाठीची संमती आणि मॉडेल शिकवण्यासाठीची संमती वेगळ्या. एकाच सहीत दोन्ही उरकलेल्या दिसल्या तर फॉर्म परत पाठवा.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. दोनशे वस्तीच्या पाड्यावर "बाई, ३४, सिकल रुग्ण" एवढ्यावर सगळ्यांना कळतं. आणि सिकलची बातमी लग्नाच्या बोलणीपर्यंत जाते, मुलीचं जन्माचं नुकसान होतं. पाड्याऐवजी तालुका द्या, वय गटात द्या, आणि कुठल्याही गटात दहापेक्षा कमी माणसं येत असतील तर तो गट छापू नका. एक्स-रेच्या चित्रावर कोपऱ्यात नाव कोरलेलं असतं, फाइलच्या माहितीतून नाव पुसलं तरी ते तिथेच राहतं. ग्रुपवर फोटो टाकून "बघा जरा" म्हणणं आजपासून बंद.

तापीकाठ

शेवटचा प्रश्न. सगळं तपासून सुरू केलं, आणि सहा महिन्यांनी कंपनीने आपणहून नवी आवृत्ती टाकली तर?

गिरणा_गणित

करारातच लिहून घ्या, की लेखी कळवून आणि जिल्ह्याने होकार दिल्याशिवाय आवृत्ती बदलणार नाही, आणि जुनीवर परत येण्याची सोय राहील. सोबत स्वतःची २०० फोटोंची पेटी ठेवा, निकाल पक्के माहीत असलेले, त्यात ५० टीबीचे, ५० जुन्या व्रणांचे आणि १०० साधे. ही पेटी कंपनीला कधीच द्यायची नाही. नवी आवृत्ती आली की तीच २०० चालवा आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा. आकडे सरकले असतील तर जुना कटऑफ रद्द, नव्याने ठरवायचा.

रोजच्या देखरेखीला मशीनवार आठवड्याचा एकच तक्ता पुरतो. किती फोटो, त्यातले किती टक्के कटऑफच्या वर, त्यातल्या किती जणांचा बेडका खरंच तपासला, किती पॉझिटिव्ह. एका मशीनवर वर जाणाऱ्यांचं प्रमाण एकदम दुप्पट झालं तर रोग वाढला असं म्हणण्याआधी क्षकिरणदादांनी लिहिलेलं अंतर आणि पॅनल बघा. एकदम निम्मं झालं तर आवृत्ती बघा. आणि तिसरा रकाना ८० टक्क्यांच्या खाली गेला तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, नमुने आणायला गाडी का मिळत नाही ते विचारा.

क्षकिरण

त्या पेटीत वेणीचे आणि माळेचे चार-पाच फोटोही घाला. सध्याच्या आवृत्तीने त्यांना काय आकडा दिला ते शेजारी लिहून ठेवा.